माणसे खरे सांगत नाहीत, तेव्हा

"माझी माणसे मला खरे सांगत नाहीत, मग त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?" हा प्रश्न मुख्याध्यापकांपासून शाखाधिकाऱ्यांपर्यंत अनेक जण मला विचारतात. यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंगच्या (कापसातील सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याच्या) व्यवस्थापकांनी तो विचारला, तेव्हा आवारात कॅमेरे बसवून झाले होते आणि तरीही ओल्या कापसाची एक गाडी कोरड्या गंजीत मिसळल्याचे त्यांना गाठी बांधून झाल्यावर कळले होते. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) सरकारी खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असल्यास पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्याहून ओल्या कापसाला नकार, असा हिशेब असतो. त्यामुळे ओलावा मोजणाऱ्या ग्रेडरच्या शब्दावर सगळ्यांचा पैसा अवलंबून असतो. या ग्रेडरला मी एकटे भेटले, तेव्हा ती गाडी ओली असल्याचे त्याला त्याच दुपारी ठाऊक होते, असे निघाले. तो म्हणाला, "मागच्या सीझनले काट्यावरच्या पोरानं खरं सांगतलं, त त्याचीच हजेरी कापली सायबानं. मंग कोन बोलंन, मॅडम?"

वजनकाट्यावरची ती घटना साऱ्या आवाराला माहीत असल्यामुळे ग्रेडरचे नाव न काढता ती व्यवस्थापकांपुढे मांडता आली. वाईट बातमी आणणाऱ्याला तुमचा पहिला प्रश्न कोणता असतो, असे मी त्यांना विचारले. बराच वेळ थांबून ते म्हणाले, "कोणी केलं, हाच."

हार्वर्डच्या अ‍ॅमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये रुग्णालयांतील पथकांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पथकांत मोकळेपणा अधिक होता, तेथे औषधांच्या चुकांची नोंद कमी नव्हे, तर जास्त आढळली. तेथील माणसे चुका उघडपणे सांगत असावीत, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. जिनिंगच्या आवारात चुकांची वही कोरी असणे हे मला म्हणूनच शिस्तीचे लक्षण वाटले नाही.

नवे नियम जाहीर करण्यापूर्वी काट्यावरच्या मुलाची कापलेली हजेरी सर्वांसमोर परत द्यावी, असे मी सुचवले. त्यांना ते फार जड गेले, कारण त्यामुळे धाक जाईल असे त्यांना वाटत होते. धाक होता म्हणूनच ओली गाडी गंजीत गेली, हे मला त्यांना एकाहून अधिक भेटींत, थोडे कठोर होऊनच सांगावे लागले. अखेर त्यांनी पैसे परत दिले आणि त्याच दिवशी सांगितलेल्या चुकीसाठी हजेरी कापली जाणार नाही, मात्र लपवलेल्या चुकीची चौकशी होईल, असे फलकावर लिहिले. हा नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला.

पुढच्या हंगामात ग्रेडरने ओली गाडी स्वतःहून दाखवली आणि तो कापूस वेगळा वाळवला गेला. काही जुने कामगार बैठकीत अजूनही गप्प असतात आणि नंतर एकेकटे येऊन बोलतात. व्यवस्थापकांना ते खटकते. सध्या तेवढे पुरे आहे, त्यांना बैठकीत बोलण्याचा आग्रह धरू नका, असे मी त्यांना सांगितले आहे.