पाला कोरडा, कढई तापलेली

मागच्या अंकात दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूच्या घरगुती पालेभाज्यांवर चार ओळी लिहिल्या आणि बरीच पत्रं आली. त्या शहरात, हायझू भागात, मी सहा वर्षं राहिले. भाज्या शिकले त्या वरच्या मजल्यावरच्या एका आजींकडून. तिकडे वयस्कर बाईला 'आपो' म्हणतात, मीही तेच म्हणायची. पुढच्या उत्तरांतलं बरंचसं त्यांच्याच हातचं आहे.

हॉटेलात लसूण घातलेली हिरवीगार पाकचोई, ही चिनी पालेभाजी, खाल्ली. घरी केली तर पाणी सुटून पातळ झाली आणि रंग शेवाळासारखा आला. सोया सॉस, व्हिनेगर, अजिनोमोटो, सगळं घातलं होतं. काय चुकलं? – एक वाचक, नाशिक

ताई, घातलेल्यातलं निम्मं नको होतं, आणि पाला बहुधा ओला होता. सुरुवातीला माझंही नेमकं असंच व्हायचं. आपोंनी एकदा माझ्या रोळीतलं एक पान उचललं, माझ्या मनगटावर झटकलं आणि उडालेले थेंब बोटाने दाखवले. बोलल्या काहीच नाहीत. घरी जाऊन एक जुना पंचा घेऊन आल्या, त्यात पाला गुंडाळला आणि चारी टोकं धरून गॅलरीत उभ्या राहून गरागरा फिरवला. पंचा ओलाचिंब झाला. तेवढं सगळं पाणी माझ्या कढईत जाणार होतं! पाणी पडलं की कढई थंड पडते, मग भाजी परतली जात नाही, शिजत बसते.

म्हणून भाजी करायच्या तासभर आधी धुवा. पाकचोईच्या देठांच्या बेचक्यात माती अडकते, तेव्हा गड्डी उभी चिरून मगच धुवा. निथळू द्या, पंच्यात फिरवा, कापडावर पसरून ठेवा. आपल्या घरच्या गॅसवर एका वेळी पाव किलोच्या वर पाला घेऊ नका. माणसं जास्त असतील तर दोनदा करा.

आता कृती. पाव किलो पाल्याला दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल. हो, शेंगदाणाच; ग्वांगझू ज्या प्रांतात आहे त्या ग्वांगडोंगमध्ये घरोघरी तेच वापरतात, आपोंच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मला सांगलीच्या आमच्या घराची आठवण आली होती. लोखंडी कढई मोठ्या आचेवर तापवा, हलका धूर दिसला की तेल घाला. पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून टाका आणि दहा सेकंद परता. इथे आपला हात आडवा येतो. आपल्याला लसूण लालसर झाल्याशिवाय फोडणी झाली असं वाटत नाही. या भाजीत लसूण पांढराच राहायला हवा, तांबूस झाला की कडवटपणा सगळ्या पानांना लागतो. वास सुटला की लगेच देठं घाला, अर्ध्या मिनिटाने पानं. अर्धा लहान चमचा मीठ, चिमूटभर साखर. कालथ्याने खालचं वर करत राहा. पानं मावळली पण देठ अजून कुरकुरीत आहे, अशा वेळी गॅस बंद करून लगेच ताटलीत काढा. तापलेल्या लोखंडात ती शिजतच राहते. सगळं मिळून दोन मिनिटं. या पद्धतीला 'छिंगछाओ' म्हणतात, म्हणजे निव्वळ परतणं. ठेचलेला लसूण पडला की नावाला 'स्वानरोंग' जोडतात.

सोया सॉस यात लागतच नाही. आपल्याकडच्या बाटलीतला गडद सॉस तर पानं काळी करतो. आणि व्हिनेगरने तुमचा रंग घालवला. पानाच्या हिरव्या रंगद्रव्यात, हरितद्रव्यात, मॅग्नेशियम असतं. आंबट आणि उष्णता एकत्र आली की ते बाहेर पडतं आणि हिरव्याचं शेवाळी होतं. पाल्यात स्वतःचीही थोडी आम्लं असतात, ती वाफेबरोबर उडून जातात. झाकण ठेवलं तर पुन्हा भाजीवरच टपकतात. तेव्हा झाकण ठेवू नका. कुणी खायचा सोडा सुचवेल. त्याने रंग टिकतो, पण पान गिळगिळीत होतं आणि क जीवनसत्त्व जातं. मला तो उपाय पटत नाही.

आमच्याकडे पाकचोई वगैरे मिळत नाही. गावच्या बाजारातल्या भाज्यांवर हे चालेल का? – एक वाचक, सावंतवाडी

चालेल काय, त्यातल्या कितीतरी भाज्या तिकडेही होतात! लाल माठ घ्या. चीनमध्ये त्याला 'शियेनछाय' म्हणतात आणि उन्हाळ्यात तो घरोघरी होतो. सात-आठ पाकळ्या लसूण अख्खा तेलात मंद तळा, माठ घालून मावळू द्या, मग अर्धी वाटी उकळतं पाणी आणि मीठ. याला मात्र थोडा रस ठेवायचा असतो. तो लालभडक रस भातावर ओतला की भात गुलाबी होतो आणि मुलं मागून घेतात. आपोंचा नातू दुसरी कुठली भाजी खायचा नाही, याला मात्र वाटी पुढे करायचा.

पाणथळीत उगवणारी नाळीची भाजी मिळाली तर सोडू नका. पोकळ देठामुळे आपण तिला नाळी म्हणतो आणि तिकडे 'खोंगशिनछाय', म्हणजे आतून पोकळ असलेली भाजी. दोन भाषांनी एकाच देठाकडे बघून नाव ठेवलंय, याचा मला दर वेळी आनंद होतो. देठ नखाने मोडून बघा. कट्‌ आवाज आला तर कोवळा, दोरा निघाला तर टाकून द्या. मात्र ही भाजी ओढ्यानाल्याच्या घाण पाण्यातली नको, खात्रीच्या ठिकाणचीच घ्या. मायाळूही त्यांच्याकडे होतो, नाव 'मुअरछाय'. पान बुळबुळीत आहे, म्हणून लसूण जरा जास्त आणि हात झरझर चालवायचा. पालक आधी अर्धं मिनिट उकळत्या पाण्यातून काढून, हलक्या हाताने पिळून मग परता. त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल बरंचसं पाण्यात जातं आणि जिभेवरचा तुरटपणा कमी होतो.

अळू मात्र या पद्धतीने कधीही करू नका. दोन मिनिटांत त्याची खाज जात नाही, घसा धरेल.

तुम्ही सावंतवाडीच्या, म्हणून एक खास गोष्ट. चीनच्या सिचुआन प्रांतात कोबी सुक्या मिरच्या आणि तिथल्या मिऱ्यांच्या फोडणीत परततात. ती मिरी खरी मिरी नव्हेच, ती आपल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण आहे, दोघी एकाच कुळीतल्या. तीन-चार सुकी तिरफळं घ्या, काळ्या बिया काढून टाका, कोमट तेलात मंद आचेवर वास सुटेपर्यंत ठेवा आणि काढून घ्या. मग दोन सुक्या मिरच्या मोडून घाला, गॅस मोठा करा आणि हाताने फाडलेला कोबी टाका. चिरलेला नको. फाडलेल्या कडेला मीठ-तेल धरतं. कोबीची कडा जरा करपली की मीठ, चमचाभर सोया सॉस आणि अगदी शेवटी, गॅस बंद करताना, चमचाभर व्हिनेगर. कोबीला हिरवेपणाची फिकीर नाही, त्यामुळे इथे आंबट चालतं. तिरफळाने जीभ हलकी चुणचुणते. बांगड्याच्या आमटीतली ती चव कोबीत बघा.

ऑयस्टर सॉसशिवाय ही भाजी होते का? आम्ही शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. – एक वाचक, पुणे

होते. वर सांगितलेल्या भाज्यांत तो सॉस कुठेच नाही, हे लक्षात आलं असेल. हा सॉस कालवांचा. तो करण्याचं श्रेय ग्वांगडोंगमधल्या नानशुई गावच्या ली कुम शेउंग यांना दिलं जातं, साल 1888. पालेभाज्या परतणं त्याहून कितीतरी जुनं. बाजारात मशरूमचा शाकाहारी प्रकार मिळतो, पण बाटलीवरचे घटक वाचून घ्या. घरी करायचा तर चार सुकी शिताके मशरूम वाटीभर कोमट पाण्यात दोन तास भिजवा. ते पाणी गाळून उकळा, त्यात चमचाभर सोया सॉस, पाव चमचा साखर आणि थोड्या गार पाण्यात कालवलेलं अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर घाला. चकाकी आली की पुरे.

लसणाचं म्हणाल तर चिनी बौद्ध मठांतल्या स्वयंपाकातही कांदा-लसूण वर्ज्य असतो. तिथे आलं वापरतात. बोटाच्या पेराएवढं आलं काडीसारखं बारीक चिरा, तेलात घाला, बाकी सगळं तेच. पाकचोईला आलं इतकं छान लागतं की व्रत नसतानाही मी कधीकधी असंच करते.

किंवा परतूच नका. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळा उकळा, त्यात मीठ आणि चमचाभर तेल घाला. जुडी देठाकडून धरून आधी देठं बुडवा, पंधरा सेकंदांनी पानं सोडा, आणखी अर्ध्या मिनिटात काढून निथळा. तेलामुळे पानांवर तकाकी येते. वरून तो मशरूमचा सॉस ओता. ग्वांगझूत माझ्या ओळखीच्या घरांत आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे असायचंच.

इथे चिनी दुकानात देठाळ हिरव्या भाज्यांच्या जुड्या असतात. कुठली घेऊ कळत नाही. – एक वाचक, टोरांटो

पिवळी फुलं, सडपातळ देठ, कोवळी पानं दिसली तर ती चोयसम. सुरुवात तिच्यापासून करा, ती फसवत नाही. जाड देठ, निळसर झाक असलेली राठ पानं आणि पांढरी फुलं असतील तर गाइलान. तिला किंचित कडूपणा असतो. खालचं देठ सोलाण्याने सोला, जाड असेल तर उभं चिरा. आल्याचा रस आणि चमचाभर तांदळाची दारू घालून परतली की कडूपणा मवाळ होतो. दारू नको असेल तर आलं आणि चिमूटभर साखर. कळ्या मिटलेल्या असलेली जुडी निवडा. फुलं पूर्ण उमलली असतील तर देठ जून झालेलं असतं.

आणि भाजीवाल्याशी ओळख करून घ्या. ग्वांगझूच्या मंडईत भाजी घेतली की बाई न मागता पातीच्या कांद्याच्या दोन काड्या पिशवीत खोचायची, आपल्याकडे कोथिंबीर-कढीपत्ता खोचतात तशी. मोडक्या भाषेत मी तिला "आज कुठली चांगली?" एवढंच विचारायची आणि ती सांगेल तीच जुडी घरी आणायची.