स्ट्रेस टेस्टमध्ये बँका पास झाल्या, मग माझी एफडी सेफ ना?

प्रश्न: ताई नमस्कार, मी सांगलीचा, रिटायर्ड शिक्षक. साठलेले १२ लाख सगळे इथल्याच एका अर्बन बँकेत एफडीला आहेत, व्याज जरा जास्त मिळतं म्हणून. परवा वाचलं की रिझर्व्ह बँकेच्या स्ट्रेस टेस्टमध्ये बँका धक्का सोसतील असं निघालं. मुलगा म्हणतो तरी पैसे काढा. काय करू?

उत्तर: सर, मुलाचं ऐका, निदान अर्धं तरी. ती बातमी तुमच्या बँकेची नव्हतीच मुळी. रिझर्व्ह बँक वर्षातून दोनदा वित्तीय स्थिरता अहवाल काढते त्यात ही टेस्ट असते, म्हणजे कागदावर वाईट काळ धरायचा, विकासदर पडला, कर्जं थकली, आणि बघायचं की बँकांचं भांडवल त्यांच्या कर्जांच्या जोखमीच्या तुलनेत किमान ९ टक्क्यांच्या वर राहतं का. हे मोठ्या कमर्शियल बँकांचं. अर्बन बँकांची टेस्ट वेगळी होते पण निकाल एकत्र छापतात, कुठल्या बँकेचं काय झालं ते नावानिशी येत नाही.

आणि पास म्हणजे गॅरंटी नाही हो. युरोपात जुलै २०१० च्या टेस्टमध्ये आयर्लंडच्या दोन मोठ्या बँका पास झाल्या होत्या, नोव्हेंबरमध्ये त्या देशावर बँकांपायी युरोपियन युनियन आणि आयएमएफकडे हात पसरायची वेळ आली. टेस्टमध्ये जो धक्का धरलाच नाही तो टेस्टला दिसत नाही.

आपल्याकडचा धक्का कुठला ते तुम्ही २०१९ ला बघितलंय, कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं तेव्हा व्यापारी, शेतकरी, दुकानदार सगळे एकदमच अडचणीत आले, आणि बँकेची कर्जं याच लोकांत असतील तर हप्तेही एकदमच थकणार. देशाची सरासरी बघून हे कळत नाही. म्हणून बँकेचा वार्षिक अहवाल मागा, सीआरएआर (म्हणजे जोखमीच्या तुलनेत हेच भांडवल) किती, नेट एनपीए (थकलेली कर्जं, त्यासाठी केलेली तरतूद वजा करून) किती, मोठी कर्जं चारदोन घरांतच गेलीत का ते बघा. सभासद असाल तर सभेत उभं राहून विचारा, तुमचा हक्क आहे तो.

आता पैशाचं. डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेची ठेव विमा कंपनी) विमा एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज धरून, सगळ्या शाखा मिळून. फेब्रुवारी २०२० च्या आधी तो १ लाखच होता, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कराड जनता बँकेचं लायसन्स रद्द झालं, वाढीव विम्यामुळे बहुतेक ठेवीदार वाचले, पण ५ लाखांच्या वरच्या रकमेला विमा नाही, ती अवसायनातून, म्हणजे बँक गुंडाळताना कर्जं-मालमत्ता वसूल करून, जे निघेल त्यावर. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ ला अडकली तेव्हा आयडीबीआयनं घेतली म्हणून ठेवी शाबूत राहिल्या, दरवेळी कुणी घेईलच असं नाही. तेव्हा एफडी जशी मॅच्युअर होईल तशी हलवा, एका बँकेत साडेचार लाखांच्या वर नको. पतसंस्थेत तर अजिबात नको, तिथं हा विमाच लागू नाही.

प्रश्न: विमा कंपनी बुडाली तर? (सातारा)

उत्तर: ठेवींसारखा ५ लाखांचा विमा पॉलिसीला नाही. एलआयसीच्या पॉलिसींना कायद्यानं केंद्र सरकारची हमी आहे, बाकीच्यांचा सॉल्व्हन्सी रेशो (देणी भागवायची कंपनीची ताकद) बघा, विमा नियामक आयआरडीएआयचं किमान १.५ आहे, कंपनीच्या वेबसाइटवर दर तिमाहीला टाकतात.