बोन्झोची बाजू मला कळते, तरी त्या मुलाला काढू नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. रोबोटिक्स टीमचे तुम्ही कॅप्टन. पहिल्या वर्षाच्या मुलाला 'फक्त बघायचं, हात लावायचा नाही' असं बजावलं होतंत, आणि त्याने स्पर्धेत ऐनवेळी सुटलेली वायर न विचारता बसवली, फेरी वाचली. शिस्त मोडली म्हणून त्याला काढावं का, आणि 'एंडर्स गेम' या कादंबरीतल्या बोन्झोलाही त्याची बाजू आहेच ना, असं विचारलंय तुम्ही. बाजू आहे. मी वीस वर्षांपूर्वी तिथेच उभी होते, म्हणून हे लांबण लावतेय.

कथा तुम्हाला माहीत आहे, ती सांगत बसत नाही. इतर वाचणाऱ्यांसाठी एवढंच: अंतराळातल्या लष्करी शाळेत मुलांच्या फौजा लुटुपुटूच्या लढाया खेळतात, बंदुकीचा नेम लागला की अंगावरचा सूट गोठतो. बोन्झो सॅलॅमँडर फौजेचा कमांडर, एंडर त्याच्या हाताखालचा नवा मुलगा. फक्त लेपर्ड आर्मीबरोबरची लढाई पुन्हा काढून वाचा. सॅलॅमँडरची फौज गोठलेली. लेपर्डच्या चौघांनी दाराचे चार कोपरे धरायचे आणि पाचव्याने आत शिरायचं की ते जिंकले, एवढंच उरलंय. एंडरला बोन्झोने बंदूक काढायची मनाई केलेली आहे. तो काढतो, त्यांच्यातल्या काहींना गोठवतो, आणि हातची गेलेली लढाई बरोबरीत सुटते. बोन्झोला दिसते ती फक्त मोडलेली आज्ञा. तो एंडरला रॅट आर्मीत देऊन टाकतो, वर हातही उचलतो.

माझं असंच झालं. कारखान्यात तपासणी विभागाची शिफ्ट माझ्याकडे होती. नव्या ट्रेनीला मी सांगितलं होतं, गेजला, म्हणजे मोजमापाच्या साधनाला, हात लावायचा नाही, फक्त नोंदी करायच्या. एका रात्री डिस्पॅचला निघालेल्या ट्रेवर त्याने लाल टॅग, म्हणजे माल थांबवायची खूण, लावला. भोकाचा व्यास मोजायचं बोअर गेज त्याने मास्टर रिंगमध्ये, म्हणजे नेमक्या मापाच्या कडीत, घालून पाहिलं होतं, झिरो सरकलेला होता. मी स्वतः लावून पाहिलं. काटा खरंच बाजूला थांबत होता. आणि हे दिसल्यानंतर, चार ऑपरेटरांसमोर, मी त्याला म्हटलं, "टॅग काढ. तुला कोणी सांगितलं होतं?" त्याने मुकाट्याने काढला. तासाभराने कोणी नाही बघून मीच तो परत लावला.

लॉट थांबला, नुकसान टळलं. पण त्या चौघांनी काय पाहिलं ते मला पाच महिन्यांनी कळलं. ग्राहकाकडून एक लॉट परत आला तेव्हा चौकशीत दोघांनी सरळ सांगितलं की चूक त्यांना दिसली होती. बोलले नाहीत. मुलगा तोवर नोकरी सोडून गेला होता.

मधल्या काळात तो मुलगा आणि मी वेगवेगळे वरच्या कार्यालयात जाऊन आलो होतो. दोघांनाही एकच उत्तर, "आपसात मिटवा." मग तीन आठवड्यांनी गुपचूप त्याची बदली. कादंबरीत शाळेचे प्रमुख कर्नल ग्राफ आणि बाकीचे शिक्षक काय करतात आठवा. बोन्झो एंडरच्या जिवावर उठलाय हे त्यांना माहीत असतं, तरी मध्ये पडत नाहीत, आणि शेवट बोन्झोच्या मरणात होतो. याचा मला आजही राग येतो. म्हणून सांगते, तुमचे मार्गदर्शक सर मिटवतील या भरवशावर राहू नका.

आता माझं मत, पटलं तर घ्या. अमेरिकेच्या मरीन कोरच्या वाचनयादीत ही कादंबरी आलेली आहे, त्यामुळे लोक ती नेतृत्वाचं पाठ्यपुस्तक म्हणून वाचतात आणि प्रत्येक जण स्वतःला एंडर समजतो. अधिकार हातात आला की आपण आधी बोन्झोच असतो. त्याच्या फौजेची कवायत घोटलेली होती, शिस्त खरी होती. पण प्रत्येक हालचाल ठरलेली, सैनिकाने स्वतःहून काही करायला जागाच नाही. मोकळ्या वेळेतल्या सरावावरून वाद होतो तेव्हा एंडर त्याला सुचवतो की आत्ता तू जिंकलास असं मी दाखवतो, उद्या तू तुझा विचार बदल. बोन्झो तसं करतो, पण ते विसरत नाही. हाताखालच्याने आपली लाज राखली हे फार डाचतं. माघारीची वाट वरच्यानेच शोधावी.

उलट टोकही वाईट. पुढे स्वतः कमांडर होऊन ड्रॅगन आर्मी मिळाल्यावर एंडर पहिल्याच दिवशी बीन या नव्या पोराला सगळ्यांसमोर वेगळा काढतो आणि त्याच्यावर बाकीच्यांचा रोष ओढवतो. तेव्हा त्या मुलाची आरतीही ओवाळू नका.

रोबोटिक्समधलं मला काही कळत नाही. बॅटरी जोडलेली असताना त्याने आत हात घातला असेल तर गोष्ट वेगळी, मग त्याला एकट्याला बाजूला घेऊन कडक शब्दांत सांगा. तसं नसेल तर पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणा की वायर त्याने बसवली म्हणून फेरी वाचली. मनाई कशासाठी होती ते सांगा, आणि यापुढे कोणत्या वेळी न विचारता हात घातलेला चालेल तेही ठरवून टाका. फार उशीर करू नका. तो आत्ताच गप्प गप्प राहायला लागला असेल तर इथे लिहा, मग आणखी बोलू.