आधी दारू, की आधी मन?

प्रश्न : माझे यजमान डिचोली भागात खनिजाचा ट्रक चालवीत असत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा सोबती चाकाखाली सापडला. तेव्हापासून ते रात्री दचकून उठतात, तो रस्ता टाळतात आणि फेणी घेतल्याशिवाय झोपत नाहीत. आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासून ‘आधी दारू सोडा, मग पाहू’ असे सांगतात. तसेच असते का?

उत्तर : ताई, तसे नसते. हा क्रम जुना आहे आणि त्याने पुष्कळ माणसांचे नुकसान केले आहे. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते आणि मग दुःस्वप्ने अधिक तीव्र होतात. म्हणून दुसऱ्या दिवशी पेला पुन्हा भरला जातो. मनावर बसलेला आघात आणि दारू अशी एकमेकांना पोसत असताना एकीवर उपचार करून दुसरा थांबवून ठेवणे व्यर्थ आहे. आघातावरील उपचाराने पिणे वाढते ही भीतीही बहुतेक रुग्णांच्या बाबतीत खरी ठरलेली नाही.

हे साध्या आरोग्य केंद्रात जमेल का, अशी शंका घेतली जाते. गोव्यातच ‘संगाथ’ या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकडून, जास्तीत जास्त चार भेटींत, अतिमद्यपान करणाऱ्या पुरुषांना मदत दिली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 377 पुरुषांपैकी ज्यांना ही मदत मिळाली त्यांच्यात तीन महिन्यांनी 36 टक्के, तर इतरांत 26 टक्के जण धोक्याच्या पातळीखाली आले. त्या भेटींचा रोख दारूवर होता. त्याच खुर्चीवर बसलेल्या माणसाला ‘तुमच्यावर काय ओढवले होते?’ हेही विचारले जावे, असा माझा आग्रह आहे.

मात्र एक गोष्ट जपा. रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातापायांची थरथर, फेफरे किंवा भ्रम होऊन जिवावर बेतू शकते, म्हणून त्यांना घरच्या घरी कोंडून सोडवू नका आणि दारूसोबत झोपेची गोळी देऊ नका. पुढच्या भेटीत अपघाताची तारीख, दचकणे आणि रोजचे पिणे एका कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा, आणि बांबोळीच्या मनोविकार संस्थेसाठी चिठ्ठी मागा. मरणाचे विचार बोलून दाखवले, तर त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्रीही विनाशुल्क बोलता येते. तो क्रमांक, ताई, तुमच्यासाठीही आहे.