प्रश्न तुमचे: इतका वाईट सिनेमा परत का बघावासा वाटतो?

प्रश्न: ताई, परवा भावाने रात्री ‘मॅनोस: द हँड्स ऑफ फेट’ नावाचा १९६६चा अमेरिकन हॉरर लावला. जगातला सगळ्यात वाईट सिनेमा दाखवतो म्हणून लावला आणि खरंच ना धड अ‍ॅक्टिंग, ना धड फोकस, ओठ एकीकडे आवाज भलतीकडे. भीती तर अजिबात वाटली नाही. पण त्यातला तो रखवालदार टोर्गो काही डोक्यातून जात नाहीये, आणि काल मी एकटीने बसून परत बघितला. एरवी चांगले चांगले हॉरर बघून आठवड्यात विसरते मी. मग हाच का चिकटला? आणि त्याचे गुडघे एवढे का सुजलेत?
– एक वाचक, सांगली

उत्तर: तुम्ही एकट्या नाही हो, हा सिनेमा चिकटतोच, मलाही चिकटलाय आणि मला तो अगदी मनापासून आवडतो म्हणून सांगते. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात: नवरा, बायको, लहान मुलगी आणि त्यांचा कुत्रा सुट्टीला निघतात, रस्ता चुकतात, एका एकाकी घराशी पोचतात. तिथं टोर्गो हा रखवालदार, आणि आत झोपलेला त्याचा मालक, काळ्या झग्यातला, झग्यावर लाल पंजे. मालकाला बऱ्याच बायका आहेत आणि त्याला अजून हव्यात.

आता हा काढला कोणी, तर टेक्सासमधल्या एल पासो गावातल्या हॅरल्ड वॉरनने. हा माणूस खत आणि विमा विकायचा, सिनेमाशी संबंध म्हणाल तर गावातल्या हौशी नाटकांपुरता. स्टर्लिंग सिलिफंट नावाचा पटकथाकार, ज्याला पुढे ऑस्कर मिळालं, तो तिकडे आला होता, त्याच्याशी वॉरनने पैज मारली की हॉरर सिनेमा मी पण काढू शकतो, आणि कॉफी शॉपमधल्या पेपर नॅपकिनवरच गोष्ट लिहायला घेतली म्हणतात. जमवलेले पैसे साधारण १९ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानेही सिनेमासाठी काहीच नाही. लिहिणारा तो, दिग्दर्शक तो, हिरो पण तोच. बाकी कलाकार बरेचसे गावातल्या नाटकमंडळींतले, त्यांना रोख पैसे नाहीत, नफ्यात वाटा. मुलीचं काम केलेल्या जॅकीला सायकल मिळाली आणि सिनेमातल्या मालकाच्या कुत्र्याला खाण्याची एक पिशवी, त्या दोघांचीच खरी कमाई झाली असं म्हणतात.

तुम्हाला जे वाईट दिसलं ना, त्याच्या प्रत्येक गोष्टीमागे एक कारण आहे, आणि माझ्या मते जादू तिथंच आहे. कॅमेरा भाड्याचा, १६ एमएमचा, चावी भरून चालणारा, एका चावीत जेमतेम ३२ सेकंद. म्हणून कुठलाच शॉट लांब जात नाही, माणसं बोलता बोलता कट होतो, सगळं अर्धवट स्वप्नासारखं वाटतं. आवाज शूटिंगच्या वेळी रेकॉर्डच केला नव्हता, नंतर मोजक्या तीन-चार जणांनी सगळ्यांचे संवाद म्हटले. छोट्या जॅकीच्या तोंडी तर मोठ्या बाईचा आवाज आहे, प्रीमियरला तो ऐकून ती रडायला लागली हे तिनेच मोठेपणी सांगितलंय. रात्री लाइट लावले की पाखरं यायची, ती पण सिनेमात आहेत. पोलीस गाडीतून उतरून दोन पावलं जातात आणि तपास सोडून परत येतात, कारण पुढे लाइटच पोचत नव्हता. सुरुवातीचं ते न संपणारं गाडी चालवणं तिथं म्हणे नावं यायची होती, ती टाकायचीच राहिली. आणि ते गाडीत बसून सतत चुंबन घेणारं जोडपं आठवतंय? त्यातल्या मुलीला आधी दुसरं काम होतं, शूटिंगच्या सुरुवातीलाच तिचा पाय मोडला, तर वॉरनने तिला काढून न टाकता बसून करता येईल असा रोल लिहून दिला! मला हे फार आवडतं. कथेला त्या दोघांचा काडीचा उपयोग नाही पण तिला घरी पाठवलं नाही त्याने.

गुडघ्यांचं सांगते. टोर्गो हा मुळात सॅटर आहे, ग्रीक पुराणातला, कमरेखाली बोकड. त्याचं काम केलं जॉन रेनल्ड्स या पंचविशीतल्या नटाने, पँटच्या आत तारा आणि फोमचा सांगाडा घालून, पाय बोकडासारखे दिसावेत म्हणून. पण सिनेमात कुठेच कोणी सांगत नाही की हा सॅटर आहे, त्यामुळे लोकांना नुसते सुजलेले गुडघे दिसतात. तरी त्याच्याकडे परत बघा, ती थरथर, ते अडखळत चालणं, बॅगा उचलताना होणारे हाल, तेवढ्या गोंधळात हा एक माणूस खरंखुरं पात्र उभं करत होता. १५ नोव्हेंबर १९६६ला एल पासोच्या कॅप्री थिएटरात प्रीमियर झाला, त्याच्या महिनाभर आधी रेनल्ड्सने आत्महत्या केली. स्वतःचं काम पडद्यावर त्याने बघितलंच नाही. हे कळल्यापासून मला टोर्गोवर हसवत नाही, पण बघणं सोडवतही नाही.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे की चांगल्या सिनेमात आपल्याला गोष्ट दिसते आणि करणारी माणसं मागे राहतात, इथं गोष्ट गळून पडते आणि माणसंच दिसत राहतात. आपल्याकडे गणपतीत गल्लीतल्या नाटकात पडदा मध्येच अडकतो, आणि तो ओढणाऱ्या काकांचा हात आपल्या वर्षानुवर्षं लक्षात राहतो, तसं. मालकाचं काम केलेल्या टॉम नेमनने चित्रं, हातांची शिल्पं स्वतः केली, तो झगा त्याच्या बायकोने शिवला, मुलगी जॅकी त्याचीच, मालकाचा कुत्रा पण त्याचाच. अख्खं घर कामाला लागलं होतं. आणि शेवट नीट बघितलात का? कोणी सुटत नाही, लहान मुलगी सुद्धा. १९६६मध्ये एका खत विकणाऱ्या माणसाने असा शेवट ठेवायची हिंमत केली, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

प्रश्न: मग हे आपल्या रामसे बंधूंसारखंच झालं ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही, ही तुलना मला पटत नाही. रामसेंकडे पैसा कमी होता पण कसब होतं, त्यांचं घराणं त्यातच मुरलेलं. महाबळेश्वरला युनिट नेऊन ‘दो गज जमीन के नीचे’ काढला तो १९७२मध्ये चालला, १९८४चा ‘पुराना मंदिर’ तर जोरात चालला. प्रेक्षकाला कधी दचकवायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं. वॉरनला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि त्याने परत कधी सिनेमा काढला नाही.

प्रश्न: हल्ली मुद्दाम वाईट काढलेले हॉरर येतात, शार्क वगैरे. ते बघताना असं काही का वाटत नाही? आणि ‘मॅनोस’ची चांगली प्रिंट कुठली बघू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: कारण मुद्दाम वाईट काढणाऱ्याला हरायची भीतीच नसते, फसलं तरी तो म्हणणार तसंच करायचं होतं. वॉरनने प्रीमियरला लिमोझिन भाड्याने आणली होती, एकच, ती कलाकारांना सोडून परत फिरून पुढच्यांना आणायची. इतकी आशा होती त्या माणसाला! ती आशा प्रत्येक फ्रेममध्ये आहे, नक्कल करून येत नाही ती.

प्रिंटचं म्हणाल तर पूर्वी सगळीकडे धुरकट, पिवळट कॉपीच फिरायची. १९९३मध्ये अमेरिकेत ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ या टीव्ही शोमध्ये थट्टा करत दाखवला तेव्हा लोकांना तो माहीत झाला, ती तशीच कॉपी. मग २०११मध्ये बेन सोलोव्ही नावाच्या सिनेमावेड्या कॅमेरामनला मूळ १६ एमएमची वर्कप्रिंट, म्हणजे एडिटिंगसाठी वापरलेली प्रिंट, सापडली, त्याने लोकवर्गणी काढून ती साफ केली. ब्लू-रेवर आहे ती बघा, झग्याचा लाल रंग आणि टेक्सासचा उजेड काय सुंदर दिसतो त्यात. थट्टावाली आवृत्ती नंतर बघा, आधी सिनेमा त्याच्या त्याच्या आवाजात एकदा पूर्ण होऊ द्या, जेमतेम सव्वा तासाचा आहे. आणि सुरुवातीचं गाडी चालवणं फॉरवर्ड करू नका.