बीएएमएसनंतर कोल्हापुरात राहून एपिडेमिऑलॉजीत (आजार कुणाला, कुठं आणि का होतात याच्या अभ्यासात) रिसर्च करता येईल का? गणित कच्चं आहे.

करता येतं की. एमबीबीएस नाही म्हणून काही अडत नाही, मी स्वतः बीडीएस, म्हणजे दातांचा डॉक्टर आहे, दवाखाना टाकायचा सोडून त्रिवेंद्रमला अच्युत मेनन सेंटरला एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) केलं, मग पीएचडी, आणि आता गेली काही वर्षं आपल्याच जिल्ह्यात फिल्डवर्क करतोय. मुंबईला टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) सोशल एपिडेमिऑलॉजीचं एमपीएच आहे, तेही बघा. पात्रतेच्या अटी मात्र जाहिरातीतूनच वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

गणिताचं एवढं टेन्शन घेऊ नका. आकडेमोड करणारं आर सॉफ्टवेअर फुकट आहे, सहा महिने रोज बसलात की हात बसतो. खरी परीक्षा दारात उभं राहून प्रश्न विचारताना असते.

2012 ला इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आलेली आठवत असेल, हिपॅटायटिस ई ची. तसलीच पण छोटी साथ मी नंतर एका गावात बघितली. हा विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत 2 ते 10 आठवडे जातात, म्हणजे आज नळाचं पाणी तपासून ते चांगलं निघालं तरी त्याला काही अर्थ नाही, महिन्यापूर्वी काय प्यायले ते कळायला पाहिजे. आमच्या फॉर्मवर प्रश्न होता, गेल्या 10 आठवड्यांत पाण्याचा रंग किंवा वास बदलला होता का. सगळे म्हणायचे, नाही ओ, पाणी चांगलंय. मग एक आजी भांडी घासता घासता म्हणाल्या, "जोतिबाच्या यात्रेला पावणं आलतं, तवा दोन दिस पाणी असलं गढूळ की च्या बी करवंना." तिथंच फॉर्मवर पेनानं खोडलं आणि पुढच्या प्रत्येक घरात यात्रेच्या आधी की नंतर असं विचारत गेलो, आणि लोकांना धडाधड आठवायला लागलं. ज्या घरात कुणीच पिवळं झालं नव्हतं तिथंही तेच विचारायला लागतं, नाहीतर तुलना कशाशी करणार? संध्याकाळपर्यंत नकाशावर एकाच गल्लीत ठिपके जमले, गटारीतून पाइप गेलेली ती गल्ली, आणि शेजारच्या बोअरच्या घरांत एकही नाही. हा आजार गरोदर बाईच्या जिवावर बेततो, त्यामुळं त्याच रात्री आशाताईंना घेऊन गल्लीतल्या प्रत्येक गरोदर बाईच्या घरी गेलो, पाणी उकळून प्या म्हणून सांगायला. पेपर छापून यायला पुढं दीड वर्ष गेलं, ते वेगळं.

तुम्ही इथल्याच आहात, यात्रा, गावदेवीची म्हाई, ऊसतोड कधी असते हे तुम्हाला कुणी शिकवायला नको, हे भांडवल लहान नाही.

पगाराचं स्पष्ट सांगतो. सुरुवातीची पाचेक वर्षं प्रोजेक्टवर, 11 महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, फंड अडकला की पगार अडकतो, माझा एकदा चार महिने अडकला होता आणि घरभाडं भावानं भरलं. घरच्यांशी हे आधीच बोलून ठेवा. कायम प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत आणि पीएचडीशिवाय तिथं पोचणं अवघड.

फॉर्म भरायच्या आधी एक करा, तुमच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परवानगी काढून एखाद्या आशाताईंबरोबर आठवडाभर घरोघरी फिरा. दुसऱ्या आठवड्यात परत जावंसं वाटलं तर मला मेसेज करा, एन्ट्रन्सच्या माझ्या वह्या अजून ठेवल्यात, देतो.