विचारा की! : दिवा अडखळतोय, कीफ्रेम वाढवू का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी नाशिकला सिडकोत राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काकांचं पंचवटीत पूजा साहित्याचं दुकान आहे, त्यांच्यासाठी वेबसाइट बनवतोय. वरच्या पट्टीत गोदावरी आणि पाण्यावर द्रोणातला दिवा डावीकडून उजवीकडे तरंगत जातो असं केलंय. सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा) ० टक्के, २५, ५०, ७५, १०० अशा पाच कीफ्रेम दिल्या, प्रत्येक ठिकाणी दिवा थोडा वरखाली. पण दिवा वाहत नाही, प्रत्येक ठिकाणी क्षणभर अडखळतो नि मग पुढे जातो. म्हटलं कीफ्रेम कमी पडल्या असतील, म्हणून अकरा केल्या तर अजूनच वाईट! लॅपटॉप जुना आहे म्हणून होत असेल का?

उत्तर : लॅपटॉपला दोष देऊ नको रे, बिचारा तू सांगितलंस तेच करतोय.

कीफ्रेम फक्त एवढंच सांगते की अमुक वेळेला वस्तू अमुक जागी असली पाहिजे. मधल्या वेळात तिने तिथवर कसं जायचं हे कीफ्रेम सांगत नाही, ते ठरवतं टायमिंग फंक्शन. हाताने चित्रं काढायच्या काळात मुख्य अ‍ॅनिमेटर महत्त्वाच्या पोझ काढायचा आणि मधली चित्रं भरायला वेगळी माणसं असायची, त्यांना इनबिटवीनर म्हणायचे. सिनेमाच्या एका सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम चालवलं तरी १२ चित्रं, म्हणजे खरा घाम त्यांचाच. आता ते काम ब्राउझर करतो, पण त्याला कोणत्या वेगाने भर हे आपणच सांगायचं असतं.

तू काहीच सांगितलं नाहीस, तर तो ‘ईझ’ धरून चालतो, म्हणजे हळू सुरुवात, मध्ये वेग, शेवटी परत हळू. आणि इथेच बहुतेक सगळे फसतात (मी पण दोन दिवस डोकं धरून बसले होते): हे ईझ पूर्ण अ‍ॅनिमेशनला एकदा लागत नाही, दर दोन कीफ्रेमच्या मधल्या तुकड्याला वेगवेगळं लागतं. सीबीएसवरून (मध्यवर्ती बस स्थानक) निमाणीला जाणारी सिटी बस आठव, रविवार कारंजा आला की ब्रेक, मग परत पहिला गिअर, मालेगाव स्टँड आला की परत ब्रेक. तुझ्या दिव्याला तू मध्ये तीन स्टॉप दिलेस, मग अकरा कीफ्रेम करून नऊ केलेस, मग तो अडखळणार नाही तर काय!

आता सगळीकडे नुसतं ‘लिनिअर’ (सगळीकडे एकच वेग) टाकलंस तर ब्रेक जातील, पण वरखाली होणं करवतीच्या दातांसारखं टोकदार दिसेल. खरं म्हणजे तू दोन हालचाली एकात कोंबल्यात, वाहणं आणि डुलणं, आणि दोघींचा स्वभाव वेगळा. त्या वेगळ्या कर. दिव्याभोवती एक बाहेरचा डिव्ह (पानावरचा रिकामा डबा) घे, त्याला फक्त सुरुवात आणि शेवट, ट्रान्सलेट-एक्स (आडवं सरकवणं), लिनिअर, समजा १२ सेकंद. आतल्या दिव्याला फक्त डुलणं, दोनच कीफ्रेम, चार-पाच पिक्सेल वरखाली, ‘ईझ-इन-आउट’, दीड सेकंद, ‘इन्फिनिट’ (न थांबता) आणि ‘ऑल्टरनेट’ (एकदा सुलट, एकदा उलट). इथे टोकाला हळू होणं उलट हवंच आहे, झोका पण वर गेला की क्षणभर थांबतोच ना. दोन्ही अ‍ॅनिमेशन एकाच डिव्हला देऊ नको, दोघंही ‘ट्रान्सफॉर्म’ हा एकच गुणधर्म (सरकवणं, फिरवणं त्यातच येतं) बदलतात म्हणून यादीत शेवटी लिहिलेलं जिंकतं आणि पहिलं गायब होतं.

अजून एक, जागा बदलायला ‘लेफ्ट’ आणि ‘टॉप’ वापरत असशील तर बंद कर, त्याने ब्राउझरला दर फ्रेमला लेआउट (पानावरची मांडणी) परत मोजावा लागतो आणि साध्या मोबाइलवर झटके बसतात. ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटी (पारदर्शकता) स्वस्त पडतात. ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी करायची सेटिंग ठेवलीय त्यांच्यासाठी ‘प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ लावून दिवा स्थिर ठेव, काही जणांना हलत्या चित्रांनी खरंच गरगरतं.

प्रश्न : मी शाडूच्या मातीचा उंदीर फोनवर एकेक फोटो काढून चालवते. प्रत्येक फोटो म्हणजे कीफ्रेमच झाली ना? वेबसाइटवर तसं करता येतं का? (गंगापूर रोड)

उत्तर : हो, तसं म्हणायला हरकत नाही, मधलं भरणारं कुणी नाहीच, सगळं तुम्हीच. आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके, त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी १९१२ साली कुंडीत वाटाणे पेरले आणि रोप वाढताना थोडंथोडं टिपून त्याची छोटी फिल्म केली, तीही याच जातीची. वेबवर करायचं तर सगळे फोटो एका लांब पट्टीत शेजारीशेजारी जोडा, ती पट्टी बॅकग्राउंड म्हणून लावा, आणि टायमिंगला ‘स्टेप्स’ द्या, आठ फोटो असतील तर आठ. मग ब्राउझर मधलं काही भरत नाही, टुणकन पुढच्या फोटोवर उडी मारतो. पट्टी एका पूर्ण लांबीने सरकली पाहिजे, नाहीतर उंदीर मध्येच कापलेला दिसतो.

प्रश्न : नातीच्या बारशाचा व्हिडिओ एका अ‍ॅपमध्ये कापला, पण जिथे कापला तिथून सुरू न होता दोन सेकंद आधीपासून सुरू होतो. मुलगा म्हणतो कीफ्रेममुळे. हीच का ती कीफ्रेम? (देवळाली कॅम्प)

उत्तर : नाव तेच, गोष्ट दुसरी काका. व्हिडिओची फाइल लहान राहावी म्हणून प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत, अधूनमधून एक पूर्ण चित्र, ती कीफ्रेम, आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच. झटपट कापणारं अ‍ॅप फाइल नव्याने बनवत नाही, त्यामुळे त्याला सुरुवात पूर्ण चित्रापासूनच करावी लागते, म्हणून ते मागच्या कीफ्रेमवर जातं. व्हिडिओ नव्याने एक्स्पोर्ट करणारं एखादं एडिटर अ‍ॅप वापरा, वेळ जास्त लागेल पण नेमका पाळण्यापासून सुरू होईल.